मालिकेत मागचं वाजतं फार आणि पुढचं ऐकू येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मिरजेहून लिहितेय. पत्र जरा लांबणार आहे, जागा कमी असेल तर कापा, पण मुद्दा राहू द्या एवढी विनंती.

आमच्या घरी रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ टीव्ही चालू असतो. वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, ८१ वर्षांचे, दोन्ही कानांना मशीन. आई ७४ ची, तिचे कान अजून इतके तल्लख की गल्लीच्या टोकाला भाजीवाला ओरडला तरी तिला घरात बसून भाव कळतो. मी कामावरून येऊन एकीकडे कुकर लावत ऐकत असते. आणि दर दोन मिनिटाला नाना विचारणार, "काय म्हणाली गं ती?" आधी मी सांगायचे, न कंटाळता सांगायचे, मग हळूहळू लक्षात आलं की निम्म्या वेळेला मलाच कळलेलं नसतं आणि मी अंदाजानं काहीतरी सांगतेय. आईला विचारलं तर ती म्हणते, "असंल कायतरी, फुडं बघ." म्हणजे एका खोलीत तिघं बसलोय, त्यातल्या दोघींचे कान व्यवस्थित आहेत, आणि वाक्य कुणालाच कळलेलं नाही. तेव्हापासून मी नीट कान देऊन ऐकायला लागले की नक्की होतंय काय.

होतंय काय तर, बाई साधं वाक्य बोलते, "मी हे घर सोडून जाणार नाही." एवढ्याशा वाक्यात "मी"ला ढोल, "घर"ला सूंऽऽ करून वारा सुटल्यासारखा आवाज, "जाणार"पर्यंत मागे बायकांचा कोरस आऽ आऽ करत उठलेला आणि "नाही" त्यात बुडालेलं. आता अख्ख्या वाक्यात महत्त्वाचा शब्द कोणता? "नाही" हाच ना? तोच गेला. मग नाना विचारणारच की जाणार म्हणाली का राहणार म्हणाली. आणि वाक्य संपलं की घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा जाणार, सासू, दीर, जाऊ, कामवाल्या मावशीसुद्धा, आणि प्रत्येक तोंडाला एकेक धडाम. म्हणजे जिथे कुणी बोलत नाही तिथेही कानाला विसावा नाही.

नानांबद्दल थोडं सांगते, म्हणजे हा माणूस म्हातारपणामुळे कुरकुर करतोय असं कुणाला वाटायला नको. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत त्यांनी चाळीसहून जास्त वर्षं काम केलंय. तंबोऱ्याची जवारी काढणं हे त्यांचं खास काम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा कानशीनं केसभर केसभर घासत असा आणायचा की तार तिला निसटती लागत राहील, मग त्या एकाच तारेतून सुरांची अशी झालर सुटते की खोली भरून जाते. एक घास जास्त झाला की गेलं. त्यासाठी मोजमापाची पट्टी नसते, फक्त कान. मी लहान असताना त्यांचं काम चालू असलं की आम्ही पोरं घरात चोरपावलांनी फिरायचो. त्या माणसाला आज मालिकेतला शब्द कळत नाही, पण मागे वाजते ती सतार खरी नाही हे अजून कळतं. "ही कीबोर्डवरची आहे, मींड बघ कशी पायऱ्या पायऱ्यानं चढते," असं म्हणतात (मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता सरकत जाणं) आणि परत विचारतात, "काय म्हणाली?"

त्यांच्या कानाच्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट समजावून सांगितली ती घरात म्हातारी माणसं असणाऱ्या सगळ्यांना उपयोगी पडेल. वय झालं की ऐकणं सगळीकडून सारखं कमी होत नाही, वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात. आपल्या बोलण्यात आ, ई, ओ असे स्वर खालच्या बाजूला असतात आणि त्यांच्यात जोर असतो, पण स, श, फ, त, ट, क ही व्यंजनं बारीक, क्षणभराची आणि त्यातली बरीचशी वरच्या पट्टीत. स्वरांवरून कळतं की कुणीतरी बोलतंय, काय बोलतंय ते व्यंजनांवरून कळतं. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात ना की आवाज येतोय पण कळत नाही, ते अगदी शब्दशः खरं असतं. नानांना पाट, ताट आणि काठ तिन्ही जवळजवळ सारखेच. शांत खोलीत समोर बसून बोललं तर ओठ बघून, आधीच्या बोलण्यावरून ते बरोबर ओळखतात. पण मागे व्हायोलिनं आणि झांजा सुरू झाल्या की जी काही थोडी व्यंजनं पोचत होती तीही त्यात जातात. टीव्हीचा आवाज वाढवला तर बोलणं वाढतं तेवढंच संगीतही वाढतं, कानातलं मशीनही दोन्ही वाढवतं, मग नाना मशीन काढून टेबलावर ठेवतात आणि नुसतं चित्र बघत बसतात. ते बघवत नाही मला.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा मुंबईत साऊंडचं काम करतो, मालिकांचं नाही, बाकीचं. दिवाळीला आला होता तेव्हा त्याला नानांच्या शेजारी बसवून एक पूर्ण एपिसोड ऐकायला लावला. त्यानं जे सांगितलं त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. तो म्हणाला, "मावशी, मिक्सिंगला जो बसतो त्यानं ते वाक्य तोपर्यंत पन्नास वेळा ऐकलेलं असतं. त्याला ते पाठ असतं. त्यामुळे म्युझिक कितीही चढवलं तरी त्याला ते ऐकू येतंच, कारण तो कानानं नाही, आठवणीनं ऐकत असतो." मला हे इतकं पटलं! नाटकाच्या तालमीत पण असंच होतं, दिग्दर्शकाला सगळं ऐकू येतं आणि पहिल्या प्रयोगाला मागच्या रांगेतून आवाऽऽज अशी हाक येते.

बाकी त्यानं सांगितलं की डायलॉग, म्युझिक आणि इफेक्ट्स हे अगदी शेवटपर्यंत वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात, म्हणजे मागचं कमी करायला काही जगावेगळी मशीन लागत नाही, बोट खाली घ्यायचं एवढंच. स्टुडिओत मोठे चांगले स्पीकर असतात, आणि आपल्या घरातल्या चपट्या टीव्हीचे स्पीकर खालच्या कडेला नाहीतर पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून, तर आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येणार. थिएटरसाठी केलेल्या फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे आवाज सहा वेगवेगळ्या वाटांनी देणाऱ्या मिक्समध्ये बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरला असतं, घरी ते सगळं दोन छोट्या स्पीकरमध्ये कोंबलं जातं आणि बोलणं मागे पडतं. आणि मालिकांच्या बाबतीत त्यानं त्यांची बाजूही सांगितली, ती मी प्रामाणिकपणे सांगते, रोजचा एपिसोड रोज द्यायचा असतो, प्रत्येक प्रसंगाला नवीन संगीत करायला वेळ कुठला, मग रडण्याचा एक तुकडा, कटकारस्थानाचा एक, लगीनघाईचा एक असे तयार तुकडे असतात ते उचलून लावायचे. शूटिंगच्या वेळी बाहेर जनरेटर चालू, वर पंखा, शेजारच्या सेटवर सुतारकाम, तो कचरा बोलण्याच्या ट्रॅकवर येतो आणि तो झाकायला वरून म्युझिक ओतलं जातं. मला त्या पोरांची दया येते खरंच, रात्र रात्र बसून काम करतात. पण झाकायला म्हणून जे घातलं त्यानं बोलणंच झाकलं जातंय हे कुणीतरी त्यांच्या वरच्यांना सांगायला पाहिजे ना.

आणि हे काही पूर्वीपासून असंच आहे असंही नाही. आपल्याकडचा पहिला बोलपट आलम आरा १४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्याचं शूटिंग बरंचसं रात्री उशिरा करायचे, कारण स्टुडिओ रेल्वेच्या रुळाशेजारी होता आणि दिवसा गाड्यांचा आवाज यायचा. आवाज तिथल्या तिथेच रेकॉर्ड व्हायचा, माईक कॅमेऱ्याला दिसणार नाही असे इकडेतिकडे लपवायचे, गाण्याला साथ करणारे वादकसुद्धा लपून बसायचे. शेवटची गाडी जाऊन शांत होईपर्यंत थांबायची माणसं, कशासाठी, तर नटाचा शब्द नीट मिळावा म्हणून! पुढच्याच वर्षी प्रभातचा अयोध्येचा राजा आला आणि पडद्यावर मराठी ऐकू आली.

गेल्या महिन्यात मी नानांना प्रभातचाच कुंकू लावून दिला. १९३७ चा, व्ही. शांताराम यांचा, शांता आपटे आणि केशवराव दाते. ह्या चित्रपटाची गंमत अशी की त्यात गाणी आहेत पण प्रसंगांच्या मागे वाद्यवृंद नाही, त्या घरातले खरे आवाज तेवढे आहेत. म्हातारा नवरा, कोवळ्या वयाची नीरा, भिंतीवरचं घड्याळ. तिला जे म्हणायचंय ते ती म्हणते आणि ते पूर्ण ऐकू येतं, कुणी मागून व्हायोलिन वाजवून आपल्याला सांगत नाही की आता वाईट वाटून घ्या. प्रिंट जुनी, खरखर आहेच, जवळजवळ नव्वद वर्षं झाली त्याला, पण त्या दोन अडीच तासात नानांनी "काय म्हणाली" फक्त चार वेळा विचारलं. मी मोजलं. मधेच एकदा ते म्हणाले, "हिला घुसमटतंय." कुणी न सांगता त्यांना ते कळलं होतं, केवळ आवाजावरून.

रेडिओचंही तेच. आई अजून सांगते, आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' नावाचं लागायचं, प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, तोंडं कधी बघितली नाहीत पण घरातल्यांसारखी ओळखीची. नुसत्या बोलण्यावर चालायचं सगळं. कुणाचा आवाज कधी वर जातो, कोण कुठे थांबतं, कोण वाक्य अर्धं टाकतं ह्यावरून माणूस उभा राहायचा. आणि आमच्या शेजारच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हा तर माईक पण नव्हता, शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवणं हे नटाचं कामच होतं. आता कॉलरला माईक आला म्हणून कुजबुजून बोलायची पद्धत आली, ती छान पण असते, पण कुजबुजीवर ढोल वाजवला तर उरणार काय?

गैरसमज नको, संगीत नको असं मी म्हणतच नाहीये. मिरजेची आहे मी, असं कशी म्हणेन. आभाळमाया आणि वादळवाटची टायटल साँग्स अशोक पत्कींची, देवकी पंडितांनी गायलेली, ती सुरू झाली की आई हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर यायची, अख्ख्या गल्लीत एकाच वेळी सगळ्या घरांतून तेच सूर यायचे. शोलेत ठाकूरच्या घरच्या प्रसंगात झोपाळ्याची करकर आठवा, अंगावर काटा येतो, आणि बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात तिथे पंडित सामताप्रसादांचा तबला, तिथे कुणी बोलत नाहीये, तिथे तबलाच बोलतोय. कुठे काय पुढे आणायचं हे ठरवणारा कान लागतो. त्या चित्रपटाचं ध्वनिमिश्रण मंगेश देसाईंनी केलेलं, परळच्या राजकमल कलामंदिरातले आपले मराठी माणूस, सत्यजित राय यांच्यासारखे दिग्दर्शक मिक्सिंगसाठी त्यांच्याकडे यायचे. आपल्यातल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे? मलासुद्धा भाच्यानं सांगितलं तेव्हा कळलं, मला फार वाईट वाटलं त्याचं.

आणि शांतता काय करू शकते ते सगळ्या महाराष्ट्रानं सैराटला अनुभवलंय. मी सांगलीत थिएटरला बघितला. झिंगाटला पोरं खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचत होती, शिट्ट्या, आरडाओरडा. अजय-अतुलनी त्याचं संगीत हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा वाद्यमेळ घेऊन रेकॉर्ड केलेलं, म्हणजे संगीताची काही कमी नव्हती त्यांच्याकडे, शेवटाला पाहिजे तेवढं रडवता आलं असतं. पण शेवटी ते लहान पोर चालत जातं आणि मागे पावलं उमटतात तिथे नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेतला. काही नाही, एकदम बंद. तेच थिएटर, तीच पोरं, कुणी हुंकारसुद्धा दिला नाही, लाइट लागले तरी लोक उठेनात. माझ्या शेजारची बाई पदर तोंडाशी धरून बसली होती. जिथे खरंच सांगण्यासारखं काही असतं तिथे ढोलाची गरज पडत नाही आणि प्रेक्षकांना ते झेपतं हे ह्याच लोकांनी दाखवलंय, मग रोजच्या मालिका बघणाऱ्यांना कळणार नाही असं का धरून चाललेत?

जाहिरातींबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. शब्द ऐकायला म्हणून मी आवाज २८ वर नेते आणि तेवढ्यात ब्रेक लागतो आणि साबणाची जाहिरात किंचाळत घरात घुसते, नानांच्या मशीनमध्ये ते कसं वाजत असेल विचार करा, दचकतात बिचारे. भाचा म्हणाला की कमाल पातळी दोन्हीकडे सारखीच असू शकते, पण जाहिरातीत हळू आवाजही दाबून दाबून वर आणलेले असतात, त्यामुळे ती सरासरीनं मोठी वाजते. युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेनं म्हणून २०१० मध्ये ही सरासरी मोजायचं माप ठरवलं, उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं हे एकक). अमेरिकेत २०१० सालीच कायदा केला आणि डिसेंबर २०१२ पासून लागू केला की जाहिरात कार्यक्रमापेक्षा मोठ्यानं वाजता कामा नये. आपल्याकडेही १९९४ च्या केबल टीव्हीच्या नियमांमध्ये जाहिरातींची जी संहिता आहे तिच्यात लिहिलंय की जाहिरातीचं चित्र आणि आवाज फाजील मोठे नसावेत. मग फाजील म्हणजे किती ते आकड्यात मोजा आणि पाळा. मी एका वाहिनीला दोनदा मेल केला, तुमच्या सूचनेबद्दल धन्यवाद असं एका ओळीचं उत्तर आलं, पुढे काही झालं नाही.

दुसरी गोष्ट सबटायटल्सची. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं थिएटरमधल्या चित्रपटांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, ऐकू न येणाऱ्यांसाठी कॅप्शन आणि न दिसणाऱ्यांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते सांगणारा आवाज. फार चांगलं झालं. पण नाना थिएटरला जात नाहीत, त्यांचं थिएटर म्हणजे पुढची खोली. मराठी मालिकेला खाली मराठीतच अक्षरं द्या ना! ओटीटीवर कितीतरी मराठी चित्रपटांना खाली इंग्रजी असतं आणि मराठी नसतं, नाना सातवी शिकलेले, पेपर रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, तुमचाच वाचतात, त्यांना इंग्रजीचा काय उपयोग. दूरदर्शनवर चित्रहारमध्ये गाण्याचे शब्द खाली यायचे आणि गाणं पुढे सरकेल तसा त्यांचा रंग बदलायचा, लोक ते बघत बघत म्हणायचे. जे गाण्याला जमलं ते बोलण्याला का जमू नये. संवाद तर आधीच टाइप केलेले असतात, नटांना तेच कागद दिलेले असतात.

ह्याचा फायदा फक्त म्हाताऱ्यांना होईल असंही नाही. बाळ झोपलंय म्हणून आवाज बारीक करून बघणारी आई, रस्त्यावरचं घर असणारे, बेळगाव, इंदूर नाहीतर बडोद्यात वाढलेली पोरं ज्यांना मराठी ऐकून कळतं पण भरभर बोललेलं निसटतं, सगळ्यांना होईल. आता मालिकांमध्ये कोल्हापुरी, मालवणी, वऱ्हाडी, खानदेशी बोलणारी पात्रं येतायत, ते मला मनापासून आवडतं, आईला तर आपल्यासारखं कुणी बोललं की फारच बरं वाटतं. पण बोलीची गोडी सगळी हेलात आणि शब्दाच्या शेपटीत असते, आणि नेमकी शेपटीवरच धडाम येतं. मग त्या नटानं चार महिने बसून शिकलेला हेल कुणाच्या कानावर पडणार?

मालिका आणि चित्रपट करणाऱ्यांनी एवढं करावं, एपिसोड पाठवण्याआधी साध्या टीव्हीवर, साध्या आवाजात, ज्यानं तो प्रसंग कधी वाचलेला नाही अशा एका माणसाला ऐकवावा आणि वाक्य कळलं का विचारावं. पन्नास वेळा ऐकलेल्याला विचारू नये. शक्य असेल तर तो माणूस सत्तरीच्या पुढचा असावा, संध्याकाळी सातला टीव्हीसमोर त्याच वयाचे लोक जास्त बसलेले असतात आमच्या गल्लीत तरी.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे पण एक मागणं आहे. तुमच्या पुरवणीत चित्रपटांचं आणि नव्या मालिकांचं परीक्षण येतं. कथा, अभिनय, कॅमेरा, संगीत सगळ्यावर लिहिलेलं असतं, स्टार असतात. त्यात ह्यापुढे एक ओळ वाढवा, बोललेलं ऐकू येतं की नाही. आणि ध्वनिमिश्रण कुणी केलं त्याचं नाव. चांगलं ऐकू आलं तर त्या माणसाचं नाव लोकांना कळेल, नाही आलं तर पुढच्या वेळी म्युझिक चढवताना त्याचा हात जरा थांबेल. नाना परीक्षणं वाचूनच ठरवतात काय बघायचं ते, त्यांना ती ओळ फार कामाला येईल.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज